पाकोळीचे मूळ गाव

‘आपण मूळचे कुठले?’ हा प्रश्न बदलीच्या नोकरीतील माणसास जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा त्याचे नावही विचारले जात नसेल. नाव कचेरीच्या दारावरील पाटीवर लिहिलेले असते. मूळ कोठेच लिहिलेले नसते, म्हणून ते विचारावे लागते. कोलकात्यात हाच प्रश्न ‘आपनार देश कोथाय?’ अशा गोड रूपाने कानी येतो. बंगाली माणसाच्या तोंडी ‘देश’ म्हणजे पूर्वजांचे गाव. आपल्याकडेही घाटावरच्या मंडळींना ‘देशावरचे’ म्हणण्याची चाल आहे. त्यामुळे हा शब्द परका वाटत नाही आणि उत्तरही चटकन सुचते. पण जी वस्तू दर तीन-चार वर्षांनी एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाते, तिचे मूळ नेमके कोठे धरावे, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. गेल्या वैशाखात आम्हांला तो एका कीटकाच्या निमित्ताने सोडवावा लागला, आणि त्याच्या उत्तरावर घरातील एक मोठा निर्णय अवलंबून होता.

हा कीटक म्हणजे स्वयंपाकघरात सायंकाळी दिव्याभोवती घिरट्या घालणारी, पिंगट रंगाची, बोटाच्या पेराएवढीही नसलेली पाकोळी. तिला ओळखत नाही असे मराठी घर नाही. ‘रव्याला जाळी झाली’, ‘ज्वारीत पाकोळ्या झाल्या’, ही वाक्ये आपण लहानपणापासून ऐकत आलो. कसर कपड्यांची आणि पुस्तकांची, सोंडे तांदळाचे, आणि पाकोळी पिठाकुटाची, अशी वाटणी आपल्या आजीपणजींनी केव्हाच करून ठेवली आहे. यापलीकडे तिची अधिक विचारपूस करावी असे कोणास वाटत नाही. चित्राविचित्र पंखांच्या पतंगांची छायाचित्रे काढणारी हौशी मंडळी आज गावोगाव आहेत. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत, त्यामुळे त्यांना कामाची वाण नाही. पण डब्याच्या झाकणाखाली बसलेल्या मळकट पाकोळीपुढे कॅमेरा धरणारा विरळा. जी सर्वांत जवळ, तीच सर्वांत कमी पाहिलेली!

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, मंगळवेढ्याकडे शेती करतात. दामाजीपंतांचे हे मंगळवेढे. दुष्काळात सरकारी कोठारे उपाशी लोकांस खुली करून देणारा हा अधिकारी परंपरेने संतांच्या पंक्तीस नेऊन बसविला आहे. आपल्यासारख्या नोकरदारांना तर तो विशेष जवळचा वाटावा. तेथील काळ्याभोर जमिनीत रब्बीची ज्वारी नुसत्या मुरलेल्या ओलीवर उभी राहते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक निर्देशांकही मिळाला. म्हणजे तिचे मूळ गाव कोणते, हे आता कायद्याने ठरले आहे. या ज्वारीचे एक पोते अण्णा दरवर्षी आमच्या नेमणुकीच्या गावी धाडतात. आमची जमीन अजून वाटून घेतलेली नाही. तिच्यातील आमचा वाटा कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही त्या पोत्याकडे बोट दाखवू.

यंदाच्या पोत्याबरोबर अण्णांचे पत्रही आले. उजनी धरणाचे काम १९८० साली पुरे झाले, आणि तेव्हापासून भीमेकाठी ऊस हळूहळू ज्वारीच्या जागेवर बसत चालला आहे. आमच्या रानालाही आता पाणी मिळण्याची सोय झाली होती. अण्णांनी लिहिले होते की, तीन एकरांचा काळा तुकडा उसाखाली घालावा असे मुलांचे म्हणणे आहे. मजूर मिळत नाहीत, ज्वारी काढणे परवडत नाही. ‘तुम्हां लोकांना तिकडे ज्वारी लागत असेल तर तसे कळवा, म्हणजे तेवढी ठेवतो. लागत नसेल तर तसेही कळवा. मनात ठेवू नका.’ पत्र नेहमीप्रमाणे चार ओळींचेच होते. पण शेवटच्या तीन शब्दांवर आम्ही बराच वेळ थांबलो.

उत्तर द्यावयाचे राहिले, तोच पाकोळ्यांनी घर भरले. त्या नुसत्या आमच्या घरी राहिल्या असत्या तरी निभावले असते. पण त्या जिन्यातून खालच्या मजल्यावर गेल्या, आणि तेथील वृद्ध बाईंनी अत्यंत सौजन्याने आमच्या सौभाग्यवतींना विचारले, ‘हे तुमच्या देशाकडून आले का?’ प्रश्न साधा होता. त्यांच्या मनात काही वावगे नव्हते. तरीही सौभाग्यवतींना तो लागला. त्या वर येऊन म्हणाल्या, ‘अहो, आता पुरे झाले. ज्वारी येथेही मिळते. दोन माणसांना भाकरी लागते ती किती? गावाकडून किडे मागवायचे आणि शेजाऱ्यांना वाटायचे, हे काही खरे नव्हे. अण्णांना कळवून टाका.’ त्याच रात्री दूरध्वनीवर अण्णांशी बोलणे झाले, तेव्हा आम्ही केवळ पाकोळ्यांची वार्ता दिली. त्यावर ते इतकेच म्हणाले, ‘आपल्या रानातल्या मालाला कीड? उन्हं दाखवून भरलाय रे तो.’ आवाज चढला नव्हता; किंचित उतरला होता.

अशा प्रकारे वादाचे दोन पक्ष झाले, आणि पुरावा मात्र कोणीच पाहिला नव्हता. आमची सारी हयात हिशेबतपासणीच्या खात्यात गेली. पावती पाहिल्यावाचून रक्कम मान्य करणे आणि पावती पाहिल्यावाचून ती नाकारणे, दोन्ही आमच्या धर्मात बसत नाही. आम्ही ठरविले की, ही पाकोळी कोण, हे आधी निश्चित करावे. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याच्यावर आरोपपत्र कसे ठेवावयाचे?

शेजारच्या इमारतीत प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. आम्ही त्यांना प्राध्यापकबाबू म्हणतो. कोलकाता हे या विद्येचे माहेरघरच; १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे मुख्य कार्यालय याच नगरीत आहे. आमची हकीकत ऐकून प्राध्यापकबाबू हसले नाहीत, ही त्यांची थोरवी. त्यांनी कपाटातून एक जीर्ण ग्रंथ काढला. जॉर्ज हॅम्पसन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८९२ ते १८९६ या काळात ब्रिटिश हिंदुस्थानातील पतंगांचे वर्णन चार खंडांत केले. त्यांतील तो चौथा खंड होता. ‘हे तुमच्या कामाला जड पडेल,’ ते म्हणाले. ‘धान्यातील पिंगट पतंग म्हणजे बहुधा तिघांपैकी एक. तिघांची लक्षणे सांगतो. दहा-बारा पतंग पकडा, आणि घाई करू नका.’

त्या तिघांची ओळख वाचकांसही करून द्यावी, कारण तिन्ही आपापल्या डब्यांत केव्हा ना केव्हा येतातच.

पहिला तो तांदळाचा पतंग, शास्त्रीय नाव कॉर्सिरा सेफॅलोनिका. पंख पसरले असता त्याची रुंदी पंधरापासून पंचवीस मिलिमीटरपर्यंत भरते. रंग सरसकट फिकट पिंगट. नक्षी नाही, पट्टा नाही. फक्त पंखांतील शिरा किंचित गडद दिसतात, जणू जुन्या कागदावर पेन्सिलीने रेघा ओढल्या असाव्यात. मादीच्या तोंडापुढे दोन लांब स्पर्शक चोचीसारखे पुढे आलेले असतात. नराचे आखूड असल्यामुळे दिसत नाहीत. याची अळी दाण्याबाहेर राहते, आणि रेशमी धाग्यांनी दाणे एकमेकांस चिकटवून त्या जाळ्यात वावरते. रव्याची ढेकळे बनतात ती याच्याच करणीने. फुटका दाणा, कणी, रवा, पीठ हे याचे आवडते अन्न.

दुसरा प्लोडिया इंटरपंक्टेला. हा ओळखण्यास सर्वांत सोपा, कारण याच्या अंगावर दोन रंग आहेत. पंखांचा डोक्याकडील भाग फिकट, राखी किंवा मलईच्या छटेचा. उरलेला भाग तांबूस, तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा. अंगरख्यावर दुसऱ्याच कापडाची बंडी चढवावी तसा तो दिसतो. पीठ तर तो खातोच, पण बदाम, मनुका, अक्रोड यांवर त्याची विशेष मर्जी. देहरादूनच्या मुक्कामात आमच्या सुक्या मेव्याच्या बरणीत तो वरचेवर आढळे.

तिसरा सिटोट्रोगा सीरिअॅलेला. नावाचा पहिला शब्द ग्रीक. त्याचा अर्थच ‘धान्य कुरतडणारा’. हा तिघांत लहान, पसरलेल्या पंखांची रुंदी दहापासून अठरा मिलिमीटर, रंग वाळल्या कडब्याचा. याची खूण मागच्या पंखात आहे: तो टोकाशी एकदम निमुळता होऊन बोटासारखा पुढे येतो आणि त्याच्या कडेला लांब केसांची झालर असते. तोंडाजवळचे स्पर्शक विळ्यासारखे वर वळलेले. याचे वर्तन मात्र पहिल्या दोघांहून निराळे. हा जाळी करीत नाही. याची अळी एका अखंड दाण्यात शिरते, तेथेच वाढते, तेथेच कोश करते, आणि जाण्यापूर्वी दाण्याच्या सालीची पातळ खिडकी ठेवून ठेवते. पतंग ती ढकलून बाहेर पडतो, व मागे वाटोळे छिद्र राहते. अळीला राहण्यास एक दाणा पुरतो. सरकारी निवासस्थानाची तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात घेण्यासारखे आहे. आणि आमच्या खटल्यातील कळीचा मुद्दा असा की, हा पतंग गोदामात तर असतोच, पण उभ्या पिकातही पिकत्या कणसावर अंडी घालतो. म्हणजे उन्हे दाखवून भरलेल्या मालाबरोबरही तो दाण्याच्या आत बसून, कोणास न दिसता, प्रवास करू शकतो.

आता तपासाची दिशा स्पष्ट झाली. जाळी करणारा कॉर्सिरा असेल तर तो बहुधा घरातील रव्याकण्यांतून ज्वारीत गेला. कडब्याच्या रंगाचा सिटोट्रोगा असेल तर तो रानातून किंवा खळ्यातून आला असण्याचा संभव मोठा. पहिल्या पक्षी शेताची अब्रू राहते, दुसऱ्या पक्षी सौभाग्यवतींचे म्हणणे खरे ठरते.

तीन संध्याकाळी आम्ही काचेचा पेला उपडा घालून पतंग पकडीत होतो. एकंदर अकरा सापडले. पावत्यांवरील अस्पष्ट सह्या वाचण्यासाठी घेतलेले भिंग या कामी आले. अकरांपैकी नऊ पतंगांच्या पंखांवर गडद शिरांखेरीज काही नव्हते. त्यांपैकी पाचांना चोच होती. हे निःसंशय कॉर्सिरा. सौभाग्यवतींची किराणाखर्चाची वही पाहिली, तेव्हा आणखी एक बळकट पुरावा हाती आला: जाळी झाली म्हणून रवा टाकून दिल्याची नोंद पोते येण्याच्या सोळा दिवस आधीची होती. तारखेपुढे तर्क चालत नाही. नऊ पाकोळ्या ज्वारीबरोबर आल्या नव्हत्या. त्या येथेच होत्या, आणि ज्वारी येताच त्यांनी तिचे स्वागत केले एवढेच.

उरलेले दोन मात्र लहान होते, कडब्याच्या रंगाचे होते, आणि त्यांच्या मागच्या पंखाला बोट होते. मग आम्ही पोत्यातून वाटीभर ज्वारी काढून ताटात पसरली व एकेक दाणा पाहिला. सात दाण्यांना वाटोळी छिद्रे होती. दोन दाण्यांवर खिडकी अद्याप शाबूत होती. निकाल असा लागला की, दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे होते. काही कीड येथली, काही तेथली, आणि भेट मात्र आमच्या घरी.

हे सारे प्राध्यापकबाबूंस सांगितले, तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून आम्हांस हसावे की विचारात पडावे हे कळेना. ‘तुम्ही या पतंगांची गावे शोधीत आहात,’ ते म्हणाले, ‘पण त्यांच्या नावांकडे पाहिलेत का?’ कॉर्सिरा हे ग्रीसच्या पश्चिमेकडील कॉर्फू बेटाचे प्राचीन नाव. सेफॅलोनिका म्हणजे त्याच समुद्रातील केफालोनिया बेटाचा. स्टेन्टन या इंग्रजाने १८६६ साली या जातीचे वर्णन केले, आणि पुढे रागोनो या फ्रेंच पंडिताने १८८५ साली तिला कॉर्सिरा हे कुलनाम दिले. आशियाच्या उष्ण प्रदेशांतील घराघरांत, गिरणीगिरणीत वावरणारा हा जीव. पण कागदोपत्री त्याचे दोन्ही पत्ते आयोनियन समुद्रातील!

कडब्याच्या रंगाच्या पतंगाला इंग्रजीत ‘आंगुम्वाचा धान्यपतंग’ म्हणतात. आंगुम्वा हा फ्रान्सचा एक जुना प्रांत. तेथे अठराव्या शतकात या किडीने असा कहर केला की, १७६० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने द्युहामेल द्यु माँसो आणि तिये या दोन सभासदांस चौकशीसाठी रवाना केले. त्यांनी १७६२ साली या कीटकाचा इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, आणि ऑलिव्हिएने १७८९ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. हा पतंग आज जगभर आहे, पण जेथे त्याची चौकशी झाली तेथलाच तो म्हणून ओळखला जातो. खात्यातील अनुभवी वाचकांना हा न्याय अपरिचित नसावा.

आणि तिसऱ्या, दोन रंगांच्या पतंगाला तर इंग्रजी भाषेत ‘इंडियन मील मॉथ’ असेच म्हणतात. भारतीयांनी हे नाव ऐकून वाईट वाटून घ्यावयास नको. कारण तेथे ‘इंडियन’ म्हणजे आपण नव्हे. अमेरिकेत मक्याला ‘इंडियन कॉर्न’ म्हणत, आणि मक्याच्या पिठात हा पतंग सापडला म्हणून न्यू यॉर्कच्या एसा फिच या कीटकशास्त्रज्ञाने १८५६ च्या सुमारास त्याला हे नाव दिले. कोलंबसाने एका खंडाचे नाव चुकविले, त्याचा डाग साडेतीनशे वर्षांनंतरही एका पाकोळीच्या अंगावर उमटला. मूळ गावाच्या बाबतीत नावावर किती विश्वास ठेवावा, याचा याहून चांगला धडा कोणता? दिल्लीतील वाचकांना तर दूर जावयास नको. पुसा हे बिहारमधील गाव. तेथील शेतकी संशोधन संस्था १९३४ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली आणि १९३६ साली दिल्लीस हलली. येताना गावाचे नाव बरोबर घेऊन आली. आज दिल्लीकरास पुसा म्हणजे दिल्लीचाच एक भाग वाटतो.

रानातील पतंगांच्या प्रदेशाचे नकाशे काढता येतात, कारण ते एखाद्या झाडाशी, पावसाशी, डोंगराच्या उंचीशी बांधलेले असतात. घरच्या पाकोळीचा नकाशा निराळ्या शाईने काढावा लागतो. तिच्या सीमा म्हणजे बंदरे, रेल्वेची मालधक्क्याची ठाणी, गोदामे आणि वाण्याची दुकाने. हवामानाचा हात अगदीच सुटलेला नाही: कॉर्सिरा उष्ण प्रदेशातला, कडाक्याच्या थंडीत त्याची वाढ खुंटते, प्लोडियाची अळी हिवाळ्यात निद्रिस्त राहू शकते, म्हणून तो थंड मुलखातही टिकतो. आमच्या चार नेमणुकांच्या गावांत देहरादूनला दोन रंगांचा पतंग दिसावा आणि कोलकात्याच्या दमट उष्म्यात कॉर्सिराचे राज्य असावे, हे त्यामुळे सयुक्तिकच म्हणावयाचे. पण या मर्यादेच्या आत ती पाकोळी जेथे धान्य जाईल तेथे जाते, आणि जेथे जाते तेथली होते. तिची तीन-चार पिढ्यांची वंशावळ एका वर्षात संपते. तिला देश विचारण्यात अर्थ नाही. माणसाचे तसे नाही. माणसाला एका पोत्याइतका तरी दोर मागे बांधलेला लागतो.

हे आम्ही सौभाग्यवतींना सांगितले नाही. त्यांच्यापुढे ताट ठेवले, सात दाणे दाखविले, आणि वहीतील सोळा दिवसांची नोंद दाखविली. त्यांनी दोन्ही पाहिले. मग खाली जाऊन त्या वृद्ध बाईंना म्हणाल्या की, थोडे आमच्या गावचे होते आणि पुष्कळसे इथल्या रव्यातले. बाई म्हणाल्या की, आपल्या तांदळाच्या डब्यात तर जाळी पूजेच्या दिवसांपासूनच होती. सांगावयास संकोच वाटला. दोघींनी मिळून दोन्ही घरांतील डबे गच्चीत उन्हात मांडले.

अण्णांना आम्ही अकरा पतंगांचा संपूर्ण हिशेब कळविला. शेताकडची दोन नावे वगळण्याचा मोह झाला नाही असे नाही, पण वगळली असती तर उरलेल्या नवांनाही किंमत राहिली नसती. त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, ‘ती बारकी पाकोळी कणसातच बसते रे. आईच्या वेळीही होतीच. पण आपण पेवात भरायचो, म्हणून कळायचं नाही.’ त्या एका वाक्याने आम्हांस मोठा उलगडा झाला. सोलापूरकडे जमिनीत खोदलेल्या पेवांत ज्वारी वर्षानुवर्षे राही. तोंड बुजविले की आत दाण्यांच्या व किड्यांच्या श्वासोच्छ्वासाने प्राणवायू संपत जाई आणि कर्बद्विप्राणिद वायू साठे. त्यात कीड गुदमरून मरे. म्हणूनच पेव उघडल्यावर आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी आत उतरत नसे. उतरणारा माणूसही जिवास मुकण्याचे भय असे. हवाबंद थैल्यांत धान्य साठविण्याची जी पद्धत आज शास्त्रज्ञ शिकवितात, तिचे तत्त्व हेच. आम्ही अण्णांना तशा थैल्या घेण्याचे सुचविले. सौभाग्यवतींनी मधेच दूरध्वनी हाती घेऊन सांगितले, ‘पोते एकदम नको, वीस-वीस किलो दोनदा पाठवा. आणि रवा मी आता शीतपेटीतच ठेवते.’ ज्वारी नको, असे त्या म्हणाल्या नाहीत.

तीन एकरांपैकी दोन एकरांत ऊस लागला. एक एकर ज्वारीसाठी राहिला आहे. अण्णांच्या मुलांनी त्याला हरकत घेतली नाही. पुढे घेतील, की घेणार नाहीत, ते त्यांचे त्यांनी ठरवावयाचे. तो एकर तेथे आहे तोवर आम्हांस ‘आपनार देश कोथाय’ या प्रश्नाचे उत्तर देताना घुटमळावे लागणार नाही.

पावसाळ्याच्या आरंभी अण्णांनी दूरध्वनीवर आणखी एक वार्ता दिली. उसाच्या खोडकिडीवर उपाय म्हणून त्यांनी पानांच्या खाली टाचण्यासाठी लहान पुठ्ठ्याची कार्डे आणली होती. त्यांवर खसखशीसारखे काहीतरी चिकटविलेले होते, ते काय असते, असे त्यांनी विचारले. आम्ही प्राध्यापकबाबूंकडे चौकशी केली. ती ट्रायकोग्रामा नावाच्या सूक्ष्म गांधीलमाशीची कार्डे. ही माशी खोडकिडीच्या अंड्यांत आपली अंडी घालून तिचा नाश करते. तिला वाढविण्यासाठी प्रयोगशाळेत दुसऱ्या कोणाची तरी अंडी लागतात. त्यासाठी भारतात सर्वत्र एकच पतंग पोसला जातो: कॉर्सिरा सेफॅलोनिका. एका घन सेंटिमीटरात त्याची अठरा ते वीस हजार अंडी मावतात, आणि त्याच्या अळ्यांना खावयास बहुधा भरडलेली ज्वारी किंवा बाजरी देतात.

अण्णांनी हे ऐकून घेतले आणि थोड्या वेळाने विचारले, ‘मग त्यांना ज्वारी लागत असंल की. कुठं विकत घेत्यात?’